ब्रेड मेकर घ्यावा का? वापरणाऱ्यांनी खरं खरं सांगा

कोथरूडकर_आई
नमस्कार मंडळी. घरी ब्रेड बनवायचं मशीन कोणी रोज वापरतंय का? मुलाच्या डब्यात आठवड्यातून तीन दिवस सँडविच असतं आणि बाजारातला ब्राऊन ब्रेड आणला की पाकिटावर पहिलं नाव मैद्याचंच दिसतं, रंग कॅरॅमलचा. मला घरच्या गव्हाच्या कणकेचा ब्रेड हवाय, चक्कीवरून दळून आणलेल्या. नणंदेने दोन वर्षांपूर्वी मशीन घेतलं, दोनदा केलं, दोन्ही वेळा विटेसारखा दडस ब्रेड झाला आणि आता ते माळ्यावर आहे. ती म्हणते घेऊन जा, पण नुसता जागा अडवणारा डबा घरात आणायची इच्छा नाही. चूक मशीनची की कणकेची? वीज किती खातं? आणि ते मधलं पातं ब्रेडमध्ये अडकून भोक पडतं त्याचं काय करता?

नाशिककर७२
ताई, आणा ते मशीन खाली. मी चार वर्षं वापरतोय, आठवड्याला दोन ब्रेड ठरलेले. चूक मशीनची नाही, पाण्याची आहे. पुस्तिकेतली मापं परदेशी ब्रेडच्या पिठाची असतात. आपली चक्कीची कणीक दगडात रगडली जाते, त्यात स्टार्च जास्त तुटतो म्हणून ती पाणी जास्त पिते, आणि कोंडा ग्लुटेनचे (गव्हातल्या चिकट प्रथिनाचे) धागे कापतो म्हणून फुगत कमी. तेवढंच पाणी घातलं की गोळा घट्ट होतो आणि झाली वीट.

माझं माप: कणीक ३५० ग्रॅम, पाणी २७० मिली, गूळ एक मोठा चमचा, तेल एक मोठा चमचा, मीठ एक छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा, ग्लुटेन पावडर दोन मोठे चमचे. ग्लुटेन नको असेल तर १०० ग्रॅम कणकेच्या जागी मैदा घ्या आणि पाणी २५० मिली. वाटीने मोजू नका, वजनकाटा घ्याच. आधी पाणी-तेल-गूळ, वर कणीक, मीठ एका कोपऱ्यात, यीस्ट मधोमध खळगा करून. (यीस्टला वेगळा कप्पा असलेल्या मशीनमध्ये क्रम उलटा असतो, तिथे पुस्तिकेचं ऐका.) मी कणीक आणि पाणी अर्धा तास नुसतं भिजवून ठेवतो, मग बाकीचं घालून मशीन चालू करतो, त्याने फार फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मळणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडा. उघडायचं नसतं असं सगळे सांगतात पण मळताना उघडलं तर काही बिघडत नाही, भाजताना उघडू नका. बोट लावून बघा. पोळीच्या कणकेपेक्षा गोळा बराच सैल हवा, पुरणपोळीच्या कणकेच्या जवळ जाणारा, बोटाला किंचित लागेल पण भांड्याच्या कडा सोडेल. भांड्याच्या तळाशी कोरडं पीठ दिसलं तर चमचा चमचा पाणी घाला, पसरट चिखल दिसला तर चमचाभर कणीक. हे एकदा हाताला कळलं की ब्रेड बिघडत नाही. लोकवनला आणि शरबतीला पाणी वेगळं लागतं, आमच्याकडे नवीन गहू आला की मी पहिला ब्रेड मशीनशेजारी उभं राहूनच करतो. खपलीचा मात्र नुसता नाही जमत, निम्मा मैदा लागतोच.

वीज म्हणाल तर मी मीटर बघून मोजलंय, एका ब्रेडला अर्ध्या युनिटच्या आसपास. पातं शेवटचं मळणं झालं की काढून घ्या, ओला हात घालून, गोळा परत नीट ठेवा. मग खाली फक्त दांड्याएवढं बारीक भोक राहतं.

नागपुरी_सुगरण
नाशिककरांनी पाण्याचं बरोबर सांगितलं पण उन्हाळ्याचं राहिलं. आमच्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरच तापलेलं असते, तेव्हा ब्रेड आधी टम्म फुगतो आणि भाजायच्या वेळेला मधे खचतो, वरून खड्डा. मग मी फ्रीजमधलं थंडगार पाणी वापरते, यीस्ट पाऊण चमचा करते आणि रात्री लावते. पावसाळ्यात पाणी दोन चमचे कमी. आणि लाईट जाण्याचा विचार करूनच मशीन घ्या बाई, काही मशीन दहा-पंधरा मिनिटं लाईट गेली तरी पुढे चालतात, माझं जुनं पहिल्यापासून सुरू व्हायचं. एकदा दोन तास झाले आणि लाईट गेली, तो फुगलेला गोळा शेवटी कुकरच्या भांड्यात घालून गॅसवर भाजला, खाली जरा करपला पण पोरांनी खाल्ला.

बार्देशकार
मी विकून टाकलं. आमच्या गोव्यात दारात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, गरम उंडे (गोल पाव) नि पोळी (कोंड्याचा पाव) मिळते, त्यापुढे मशीनचा चौकोनी ब्रेड घशाखाली उतरत नव्हता. पण एक सांगतो, ज्याला पाव करायचेत त्याने मशीनचा फक्त मळायचा प्रोग्रॅम वापरावा आणि गोळे करून ओव्हनमध्ये लादी भाजावी. मळण्याचा त्रास वाचतो तेवढा खरा.

योकोहामावासी
इथे जपानमध्ये याला होम बेकरीच म्हणतात, रात्री टायमर लावून झोपायचं, सकाळी वासाने जाग येते. मात्सुशिता म्हणजे आताची पॅनासॉनिक, त्यांनी १९८७ मध्ये हे बाजारात आणलं. आधी मळणं जमत नव्हतं, बाहेरून करपायचा नि आत कच्चा राहायचा, म्हणून त्यांच्या एक सॉफ्टवेअरवाल्या बाई ओसाकातल्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या, तेव्हा कळलं की तो कणीक ताणताना पिळतोही. म्हणून मशीनच्या आत कंगोरे दिले. नाशिककर हात लावून बघा म्हणतात ते मला म्हणूनच पटतं, मुळात हे यंत्र हात बघूनच बनलंय.
एक कळकळीची विनंती, इथून किंवा अमेरिकेतून कोणी मशीन पाठवत असेल तर नको म्हणा. इथे १०० व्होल्ट, तिकडे १२०, आपल्याकडे २३०. माझ्या भावाने थेट प्लगमध्ये घातलं आणि धूर निघाला.

कोथरूडकर_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मशीन खाली काढलं. पहिली गोष्ट, नणंदेच्या यीस्टचं पाकीट दोन वर्षांपूर्वीचं होतं. कोमट पाण्यात साखर घालून ठेवलं, दहा मिनिटांनी एक बुडबुडा नाही. नवीन आणलं. नाशिककरांच्या मापाने केलं, दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर गोळा घट्टच, आमची कणीक जास्त कोरडी असावी, तीन चमचे पाणी आणखी घातलं आणि डोळ्यांदेखत तो सैल होऊन गोल फिरायला लागला. झाल्यावर लगेच भांड्यातून काढून जाळीवर ठेवला, तासभर कोणाला हात लावू दिला नाही. सुरी घातली तर आत बारीक बारीक जाळी पडलेली. मुलगा कडेचा तुकडा तूप लावून उभ्या उभ्या खाऊन गेला. नाशिककर, पातं काढायचं विसरले, भोक पडलंच. ते शेवटचं मळणं नेमकं कितव्या मिनिटाला संपतं, तुमचं मशीन आवाज देतं का?

नाशिककर७२
वा! माझं देतं, सगळी देत नाहीत. पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याची मिनिटं असतात, ती बघून मोबाईलवर अलार्म लावा.