मदत हवी आहे: हायस्कूलच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर चित्रकथेची कार्यशाळा (खानापूर तालुका, जि. बेळगाव) [चर्चामंच; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव]

फळा-खडू

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलमध्ये आठवी-नववीच्या २४ मुलामुलींसाठी चित्रकथा करायची कार्यशाळा सुरू आहे. दहावीला एसएसएलसीमुळे (कर्नाटकातली दहावीची बोर्डाची परीक्षा) घेतलेलं नाही. मंगळवार-गुरुवार, साडेचार ते साडेपाच. पावणेसहाच्या बसला बहुतेक मुलं असतात, त्यामुळे वेळ वाढवता येत नाही. झालेले दोन सोडून अजून १६ तास, दसऱ्याच्या सुट्टीआधी संपवायचे. खर्चाला २,५०० रुपये. शेवटी सगळ्यांच्या कथांचं एक छापील पुस्तक प्रत्येकाच्या हातात द्यायचं आहे.

दोन तास झाले आहेत आणि अडचणी या अशा:

१. पहिल्या चौकटीतच अख्खा तास जातो. पान कुणाचंच पुरं होत नाही.
२. संवादाचा फुगा आधी काढतात, मग त्यात वाक्य मावत नाही. शेवटचे शब्द उभे-आडवे कोंबलेले.
३. टीव्हीवरची पात्रं उतरवून काढतात.
४. पेन्सिलीचं शेडिंग झेरॉक्सला येत नाही, आणि गडद ठेवून मारलं तर सगळं पान मळकट येतं.

साहित्य: ए४ साधा ७५ जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम; आकडा जास्त तसा कागद जाड) कागद, पेन्सिली, जेल पेनं. वेळेची आखणी आणि छपाई या दोन्हीबद्दल सांगा.

तिरकी रेघ

पहिली आणि तिसरी अडचण मुळात एकच आहे. "कथा करा" म्हटलं की मुलाला पानाचा शेवट दिसत नाही, म्हणून ते दिसतंय तेवढ्यात रमतं. त्याला आधी एक छोटी गोष्ट पुरी करून द्या, तीही याच आठवड्यात.

एका ए४ कागदाची आठ पानी पुस्तिका घ्या. कागद आडवा धरून घड्या घालून आठ सारखे भाग पाडा: चार उभे रकाने, दोन ओळी. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४, पण हे चार आकडे उलटे, डोकं खाली. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरता काप द्या. कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की अधिक चिन्हासारखा आकार होतो, तो मिटला की पुस्तक. १ हे मुखपृष्ठ, ८ मलपृष्ठ. मधली सहा पानं म्हणजे सहा चौकटी. काप दोन्ही टोकांपर्यंत गेला तर कागदाचे दोन तुकडे होतात. २४ जणांत चार-पाच जणांचं हमखास होतं, जादा कागद ठेवा.

ही पुस्तिका दोन तासांत झालीच पाहिजे. त्यासाठी क्रम फळ्यावर लिहून ठेवा: आधी सहाही चौकटींत नुसत्या काड्यांची माणसं (५ मिनिटं), मग सगळी अक्षरं, मग माणसं नीट, आणि झाडं-घरं-ढग सगळ्यात शेवटी. मुलं एरवी बरोबर उलट करतात. पहिल्या चौकटीतली कौलं एकेक करून काढतात आणि बस येते.

टीव्हीच्या पात्रांबद्दल रागवू नका. फक्त अट घाला: पात्र वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांतून बनवायचं आणि त्याला एकच ठळक खूण, म्हणजे दोन वेण्या, फाटका खिसा, मोठा चष्मा असं काही. मग तेच पात्र १२ मिनिटांत १२ वेळा: धावताना, पाठमोरं, रडताना. नक्कल केलेलं पात्र पाठमोरं काढता येत नाही हे मुलांना तिथंच कळतं, आणि आपलं आपण बनवलेलं सोपं पडतं.

मलप्रभाकाठ

अक्षरांचं मी सांगतो, कारण चित्रकथा वाचवत नाही ती बहुतेक वेळा अक्षरांमुळेच.

नियम एकच: अक्षरं आधी, फुगा नंतर. पेन्सिलीने शिरोरेषांच्या ओळी आखायच्या, वाक्य लिहायचं, मग त्याभोवती फुगा, सगळीकडून ५ मिमी मोकळं सोडून. मूळ पान ए४ वर काढून छापताना ए५ (ए४ च्या निम्मं) होणार असेल तर ते ७१ टक्क्यांवर येतं. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ५ मिमी ठेवा, छापल्यावर ते साडेतीन मिमी राहील. दोन शिरोरेषांमधलं अंतर १० ते ११ मिमी. इंग्रजीच्या अंदाजाने ७-८ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात अडकतो.

६० मिमी रुंद फुग्यात अशा तीन ओळी, म्हणजे साधारण आठ-दहा शब्द. त्याहून जास्त झाले तर फुगा मोठा करू नका, वाक्य कापा. मूल लिहितं: "अगं आई, बाहेर केवढा मोठा पाऊस पडतोय आणि माझी छत्री काल बसमध्येच विसरली." पाऊस खिडकीत दिसतोय. छत्रीचा खिळा रिकामा दाखवता येतो. उरलं काय? "आई, छत्री बसमध्येच राहिली!" चौकटीत जे दिसतं ते फुग्यात बोलायचं नाही, एवढं एक मुलांना पटलं तरी निम्मं काम झालं.

जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे उभा पाहिजे आणि त्याचा फुगा वर. हे काड्यांच्या माणसांच्या वेळीच बघा, नंतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवरून जातात आणि काही करता येत नाही.

फळा-खडू

फार उपयोगी, धन्यवाद. एक विचारायचं राहिलं. मुलांच्या गोष्टींत कंडक्टर, बाजारातली माणसं कन्नड बोलतात. ते मराठीत करायला सांगावं का?

मलप्रभाकाठ

मुळीच नको! आपल्याकडची माणसं जशी बोलतात तशीच बोलू देत. मुलं शाळेत कन्नड शिकतातच, तर ते कन्नड लिपीतच लिहू द्या. "टिकेट तगोळ्ळि" (तिकीट घ्या) म्हणणाऱ्या कंडक्टरचा हात पुढे दाखवला की खाली मराठी अर्थ द्यायची गरज नाही. फक्त कन्नडमधली जोडाक्षरं खाली लोंबतात, "तगोळ्ळि"तला दुसरा ळ ओळीच्या खाली जातो, म्हणून कन्नड फुग्यात ओळींचं अंतर १२ मिमी धरा. आणि पेन्सिलीवर शाई फिरवण्याआधी कन्नडच्या सरांना पानं दाखवा. शाईनंतरची दुरुस्ती व्हाइटनरने होते, पण झेरॉक्समध्ये त्याची कडा दिसते.

झेरॉक्स-बाइंडिंग

छपाईचं.

मूळ पानासाठी ७५ जीएसएम नको, १०० जीएसएम घ्या. पावसाळ्यात खानापूरकडची हवा एवढी दमट असते की पातळ कागदावर शाई धाग्याधाग्यातून पसरते. एका मुलामागे सहा कागद धरा, म्हणजे १४४, दीडशे आणा. पेन्सिल एचबी घ्या; २बी हाताखाली फासते. जेल पेनाऐवजी ०.५ चं काळं फाइनलायनर (बारीक टोकाचं पेन), कडेच्या रेघांना ०.८. शाईनंतर खोडरबर लगेच फिरवू नका; पावसात तर दुसऱ्या दिवशीच.

शेडिंग पेन्सिलीने नाहीच. रेघांनी करायचं, दोन रेघांत किमान १ मिमी. त्याहून जवळ मारल्या तर ७१ टक्क्यांवर भरून काळा डाग होतो. पूर्ण काळे मोठे भागही टाळा, मशीनवर ते पट्टेपट्टे येतात.

पानाची आखणी: चारी बाजूंनी १५ मिमी सोडा. आत १८० × २६७ उरतात. दोन रकाने, तीन ओळी, मध्ये ५-६ मिमी मोकळी जागा, म्हणजे सहा चौकटी, प्रत्येकी साधारण ८७ × ८५. हा साचा एकाच मापाचा करून सगळ्यांना द्या. आखण्यातच मुलांचा वेळ जातो.

पुस्तक: प्रत्येकाला दोन पानं, एकूण ४८. पण पहिलंच पान कथेला दिलं तर प्रत्येक कथा उलटावी लागते, समोरासमोर येत नाही. म्हणून १ वर नाव आणि अनुक्रम, २ ते ४९ कथा, ५० ते ५२ वर मुलांची नावं किंवा पात्रांची चित्रं. ५२ पानं, चारने भागली जातात, १३ कागद. मशीनला 'टू इन वन' (दोन मूळ पानं लहान करून एका बाजूवर छापायची सोय) असेल तर मूळ पानं या क्रमाने लावा: ५२, १, २, ५१, ५०, ३, ४, ४९... शेजारच्या दोन पानांची बेरीज कायम ५३. दोन्ही बाजू छापताना पान 'शॉर्ट एज'वर (आखूड कडेवर) उलटायला सांगा, नाहीतर मागची बाजू डोकं खाली येते. आधी कोऱ्या १३ कागदांची घडी घालून त्यावर आकडे टाका आणि ती दुकानात न्या. तोंडी सांगितलेलं चुकतं.

३० प्रती म्हणजे ३९० कागद, ७८० बाजू. एका बाजूला रुपया धरला तरी ७८०, वर मुखपृष्ठाचे ३० जाड कागद. २,५०० त बसतं. एकच प्रत आधी काढून तपासा, मगच बाकीच्या.

फळा-खडू

तासांची वाटणी मग अशी करते: २ तास आठ पानी पुस्तिका, १ पात्र, २ गोष्ट आणि काड्यांची पानं, २ अक्षरं, ४ पेन्सिल, ३ शाई, १ तपासणी, १ शिवण. शाळेतला स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, काय करू?

झेरॉक्स-बाइंडिंग

बरोबर आहे, कडेपासून घडी १४८ मिमीवर असते. सुई-दोऱ्याने शिवा, मुलांना आवडतंही. घडीवर तीन भोकं: वरून ५, साडेदहा आणि १६ सेंमीवर, दाभणाने, खाली थर्माकोल ठेवून. दोरा ५० सेंमी. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं ठेवून गाठ मारा, म्हणजे टाका ढिला पडत नाही. १३ कागद एकदम दुमडू नका, चार-चार करून दुमडा आणि एकात एक घाला. आणि झेरॉक्सचा रिमचा कागद त्याच दिवशी फोडा, आठवडाभर उघडा राहिला तर ओल धरून मशीनमध्ये अडकतो.