मदत हवी आहे : गरवायच्या (गळाने मासे धरायच्या) वजनांसाठी शिशात छापखान्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) किती मिसळू?

देवगडच्या खडपांवर गरवायला 60 ते 100 ग्रॅमची वजनं घरीच ओततो. साचा ॲल्युमिनिअमचा, दोन भागांचा. शिसं जुन्या केबलच्या आवरणाचं, म्हणजे जवळजवळ शुद्ध आणि मऊ. पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) दोरीवर चेपायला तेच उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण गरीचं वजन खडकावर आपटून चपटं होतं आणि वरची तारेची कडी सैल पडते.

टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं वापरून पाहिली. कडकपणा बरा आला, पण हल्ली त्यांत लोखंड आणि जस्त फार. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 419 ला, म्हणून आच कमी ठेवून तरंगणारं काढून टाकतो. तरी निवडण्यातच जीव जातो.

आता बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे मिळालेत. लायनोटाइपच्या (यंत्रावर अख्खी ओळ ओतायच्या) धातूत 12 टक्के अँटिमनी (शिसं कडक करणारा धातू) आणि 4 टक्के कथील असतं, त्यामुळे तो एक भाग आणि मऊ शिसं चार भाग मिसळून अँटिमनी अडीच टक्क्यांच्या आसपास येईल. पण हे हातजुळणीचे सुटे खिळे आहेत, त्यांत अँटिमनी बरीच जास्त असते म्हणे. फार कडक झालं तर खडकावर तुकडा उडेल.

बॅटरीचं शिसं सुचवू नका, त्याची वाफ विषारी, ते घरात आणणार नाही. ओततो अंगणात, मास्क लावून, साचा तापवून कोरडा करून, भांडं वेगळं. प्रयोगशाळेतली तपासणी परवडणारी नाही.

सुटे खिळे वापरणाऱ्यांनी सांगावं : मऊ शिशात ते कोणत्या प्रमाणात घालता, आणि कडकपणा घरच्या घरी कसा जोखता?