शब्दचर्चा : ‘मुकद्दमा’ला मराठीत काय म्हणावं?

पाठीवर एक पिशवी घेऊन मोरोक्कोत 21 दिवस हिंडून आले. फेस, माराकेश, एसाविरा आणि मधली आठवडी बाजाराची काही गावं. आता त्या मुशाफिरीवर लिहायला बसले आहे आणि एका शब्दापाशी अडकले आहे. तो सांगण्याआधी थोडं मागचं सांगते.

निघण्यापूर्वी तिथल्या बोलीतले, म्हणजे दारिजातले, पन्नासेक शब्द वहीत उतरवून पाठ केले होते. गल्ल्यांत शिरल्यावर कळलं की बरेचसे शब्द मी घरूनच घेऊन आले होते. फेसच्या जुन्या शहरात मोटार जात नाही. माल खेचरावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या पाठीवर. खेचरवाला ‘बालाक, बालाक’ ओरडत येतो, म्हणजे बाजूला व्हा. पाठीवर ओझं वाहणारा तो हम्माल. मसाल्यांच्या गल्लीचं नाव अत्तारीन, अत्तारांची आळी. तिच्या तोंडाशी याच नावाचा मदरसा आहे, 1323 ते 1325 मध्ये बांधलेला. तिथला अत्तार सुगंधाबरोबर जिरं, आलं, दालचिनीही विकतो. आणि भाव करताना कानावर पडतं ‘आखिर तमान’. तमान म्हणजे किंमत, आणि आखिर म्हणजे आपलं अखेर. अखेरचा भाव बोला!

चामडी जोड्यांच्या दुकानात तर मी थबकलेच. पिवळे, टाच दुमडलेले जोडे छतापर्यंत रचलेले. तिथले लोक त्यांना बल्गा म्हणतात, पण पाहुण्यांसाठी पाटीवर फ्रेंच शब्द असतो, बाबुश. तो मूळचा फारसी पापोश: पा म्हणजे पाय, पोश म्हणजे झाकणारं. आपला पायपोस तोच. पलंगपोस, सरपोस यांतला पोसही तोच. हल्ली पायपोस म्हणजे पायपुसणं असं अनेकांना वाटतं. शब्द म्हणीपुरताच उरल्यामुळे तसं झालं असावं. पण कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, या म्हणीत पुसण्याचा काहीच संबंध नाही, तिथे जोडाच आहे.

आता मूळ प्रश्न. एसाविरात एका घरी गनावांच्या लिलाला बसायला मिळालं. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी जपलेली ही परंपरा. युनेस्कोच्या यादीत ती 2019 मध्ये आली. लिला म्हणजे अरबी लैला, रात्र. आपल्या लीलेशी तिचा संबंध नाही. संध्याकाळी ढोल वाजवत मिरवणूक निघते. त्या ढोलाला त्बल म्हणतात, आपल्या तबल्याचं नाव याच शब्दावरून आलं. एक काठी वाकडी, एक सरळ. मला लगेच संबळ आठवला. मग घरात रात्रभर गिंब्री, उंटाच्या कातड्याने मढवलेलं तीन तारांचं वाद्य, आणि लोखंडी करकेबांचा खणखणाट. सात रंग, प्रत्येक रंगाची वेगळी गाणी, वेगळी वस्त्रं, वेगळा धूप. वाजवणाऱ्यांचा प्रमुख तो मआल्लेम, उस्ताद. पण रात्र चालवते ती एक बाई. कुठला धूप केव्हा घालायचा, कुणाच्या अंगात आलं तर कुठलं वस्त्र पांघरायचं, कुणाला सावरायचं, सगळं तिच्याकडे. तिला म्हणतात मुकद्दमा. पुरुष असेल तर मुकद्दम.

मुकद्दम म्हणजे आपला मुकादम! शब्द एकच, पण त्या बाईंना ‘मुकादम’ लिहायला माझा हात धजत नाही. काय लिहावं?

—

ताई, मी रत्नागिरीचा, कुवेतमध्ये 22 वर्षं काढली. अरबीत क-द-म या धातूत पुढे असण्याचा भाव आहे. मुकद्दम म्हणजे पुढे केलेला, पुढे उभा केलेला. त्यात हुकमत नंतर आली. मोरोक्कोत सरकारचाही मुकद्दम असतो, मोहल्ल्यातला अगदी खालच्या पायरीचा माणूस. कोण कुठे राहतं हे त्याला विचारून ठरतं. त्याला लोक जरा वचकूनच असतात. म्हणजे तिथेही हा शब्द दोन तोंडांचा आहे, फक्त मानाचं तोंड अजून जिवंत आहे.

स्त्रीलिंगी ‘मुकद्दमा’ तसंच ठेवू नका, असं मला वाटतं. हिंदी वाचलेला माणूस मुकदमा म्हणजे खटला समजेल.

—

मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे मुकादम म्हटलं की ऊसतोड आली. उचल देणारा, टोळी गोळा करणारा, कारखान्यावर घेऊन जाणारा. माझे आईवडील 14 हंगाम तोडीला गेले. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे. ‘मुकादम आलाय’ असं कुणी म्हटलं की आई चूल सोडून उठायची, ते मला आजही दिसतं. आणि मुकादमीण म्हणजे मुकादमाची बायको, स्वतः मुकादमी करणारी बाई नव्हे. त्यामुळे कृपया मुकादमीण लिहू नका. रात्रभर लोकांना सावरणाऱ्या बाईला आमच्या कानात तो शब्द बसणार नाही.

गोंधळात देवीचा मान ज्यांच्याकडे असतो त्यांना मानकरी म्हणतात. ‘मानकरीण’ कसं वाटतं?

—

मानकरीण शब्द गोड आहे, पण मानकऱ्याला मान मिळतो, काम दुसरे करतात. इथे तर बाईच सगळं करते. अर्थ सरकतो.

दुसरं एक. मूळ लेखात दलालही यायला हवा होता. माराकेशला गालिच्यांच्या चौकात दुपारी दल्लाल माल खांद्यावर टाकून दुकानादुकानांतून बोली पुकारत फिरायचा. त्याच चौकात एकेकाळी माणसांचा लिलाव होत असे. आपण दलाल शिवीसारखा वापरतो, पण दल्लालचा मूळ अर्थ वाट दाखवणारा, गिऱ्हाईक आणि माल यांची गाठ घालणारा. आणि लिलाव शब्द बघा: तो आपल्याकडे पोर्तुगीज ‘लैलांव’वरून आला, आणि पोर्तुगीजांनी तो अरबीतून उचलला, जाहीर करणे या अर्थाचा. मोरोक्कोत व्यापाऱ्यांच्या सराईला फुंदुक म्हणतात. अल्-फुंदुकचं पोर्तुगीजांनी अल्फांदेगा केलं, आणि गोव्यात तेच जकातीच्या कचेरीचं नाव होतं. काही अरबी शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले, काही लिस्बनचा वळसा घालून.

—

लेखात बाजार शब्द जपून वापरा, एवढंच सुचवतो. तिथे बाजाराला सूक म्हणतात. ‘बझार’ म्हणाल तर पाहुण्यांसाठीच्या शोभेच्या वस्तूंचं दुकान समजतील. सुकांची नावं मात्र अगदी पुण्यासारखी: सूक अल्-अर्बआ म्हणजे बुधवार, सूक अल्-खमीस म्हणजे गुरुवार. अर्बआ चार, खमीस पाच, रविवारपासून मोजायचं. बुधवारी भरणाऱ्या बाजाराभोवती वस्ती वाढली आणि गावाचं नाव बुधवार पडलं.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. बीडच्या ताईंचं वाचल्यावर मुकादम हा पर्याय मी पूर्ण सोडला. तुमच्या आई चूल सोडून उठायच्या, ती ओळ डोक्यातून जात नाही. मानकरीणवरचा आक्षेपही पटला.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. त्या रात्री निखाऱ्यावर जे टाकत होते त्याला ते जावी म्हणत. वास ओळखीचा वाटला म्हणून मी खडा हातात घेऊन पाहिला. तो आपला ऊद होता, आजी गुरुवारी घालायची तोच. तिथे मात्र ऊद म्हटलं की लोकांना आधी तंतुवाद्य आठवतं, नाहीतर अगरूचं लाकूड. पहाटे सगळे शांत झाल्यावर त्या बाई माझ्याजवळ आल्या आणि धुपाटणं माझ्या डोक्यावरून एकदा फिरवून पुढे गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

लेखात मी पहिल्यांदा ‘मुकद्दमा, म्हणजे रात्र पुढे नेणारी बाई’ असं लिहीन, आणि त्यानंतर सगळीकडे नुसतं ‘पुढारीणबाई’. आमच्या कोल्हापूरकडे भजनी मंडळात सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या बाईला पुढारीणबाई म्हणतात, आणि कदमातला ‘पुढे’ही त्यात आहे. कुणाला खटकत असेल तर आठवड्याभरात सांगा, त्यानंतर लेख छापायला जाईल.

—

खटकत नाही. माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘पुढारीण’ चालेल, पण ‘बाई’ जोडूनच लिहा.