मदत हवी आहे: लिनोकट प्रिंट ऑनलाइन विकायच्या आहेत, या करारावर सही करू का?

मी पुण्यात लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून ठसा करायचा आणि शाई लावून त्याचे छाप कागदावर घ्यायचे. मंडईचा मनोरा, बोहरी आळीतली दुकानं, पेठांतली उरलीसुरली कौलं असे विषय. एका ठशाच्या 20च प्रती काढते, खाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही, मग ठशावर आडवी चीर मारून तो बाद. आजवरची विक्री म्हणजे घोले रस्त्यावरच्या कलादालनातली सामूहिक प्रदर्शनं आणि ओळखीपाळखी.

आता एका ऑनलाइन गॅलरीकडून विचारणा आली आहे. नाव देत नाही, धागा भलतीकडे जाईल. कमिशन 40 टक्के. त्याला हरकत नाही, भिंतीवर चित्र लावणारी गॅलरीही फुकट लावत नाही. अडतंय ते पुढच्या कलमांवर. पॅकिंग-कुरिअर माझ्या खर्चाने. सेल कधी लावायचा ते गॅलरी ठरवणार, कमिशन मात्र मूळ किमतीवर. म्हणजे 2,500 ची प्रिंट पूर्ण किमतीला गेली तर 1,000 त्यांचे, 300 पॅकिंग-कुरिअर, 200 कागद-शाई-लिनो, माझ्या हाती 1,000. तीच 20 टक्के सवलतीत 2,000 ला गेली तर त्यांचे 1,000 तसेच आणि माझ्या हाती 500. गिऱ्हाइकाला दिलेली सगळी सूट माझ्या खिशातून!

शिवाय दोन वर्षं दुसरीकडे कुठेही ऑनलाइन विकायचं नाही, आणि 'प्रतिमेच्या पुनरुत्पादनाचे सर्व हक्क' त्यांना. याला मुदत लिहिलेलीच नाही. सगळीकडे असंच असतं का? की सरळ इन्स्टाग्राम आणि यूपीआयवर स्वतःच विकू? एट्सीचा (हाताने केलेल्या वस्तू विकायची परदेशी साइट) कोणाला अनुभव आहे? जीएसटीचं काय? माझी वर्षाची विक्री दोन-अडीच लाखांच्या वर जात नाही.

शाईचे बोट:
टक्केवारी नंतर, आधी ते शेवटचं कलम बघा. 20च प्रती निघतील या भरवशावर लोक तुम्हाला 2,500 देतात. उद्या गॅलरीने त्याच चित्राची 300 रुपयांची पोस्टरं काढली, चहाच्या मगवर छापलं, तर तो माणूस जाब विचारायला तुमच्या दारात येणार, त्यांच्या नाही.

कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 वाचा. हक्क द्यायचे तर लेखी, आणि त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, किती मोबदल्यात हे सगळं हवं. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे मुदत कोरी ठेवली म्हणून ते कायमचं त्यांचं होत नाही. पण छापायची परवानगी 5 वर्षं तरी का द्यायची? 'विक्रीसाठी प्रतिमा दाखवण्याची परवानगी, करार चालू असेपर्यंत' एवढंच लिहून द्या.

जाता जाता, तुमच्या कामाचं म्हणून सांगतो. 'आमच्या बंगल्याचा लिनोकट करून द्या' अशी ऑर्डर आली तर नियम उलटा आहे. पैसे देऊन करवून घेतलेलं चित्र किंवा एन्ग्रेव्हिंग (कोरलेल्या ठशावरून छापलेलं चित्र) असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कलम 17 प्रमाणे कॉपीराइट काम सांगणाऱ्याचा. कायद्याच्या व्याख्येत वुडकट (लाकडी ठशाचे छाप) आणि प्रिंटही एन्ग्रेव्हिंगमध्येच मोडतात. ॲडव्हान्स घेतानाच 'कॉपीराइट कलाकाराकडे' ही ओळ लिहून सही घेत जा.

वहीखाते:
ताई, कमिशनवर 18 टक्के जीएसटी असतो. तो धरून 40 टक्के आहे का, हे गॅलरीला आधी विचारा. वरून असेल तर 1,000 चे 1,180 होतात, म्हणजे 47.2 टक्के. तुमची जीएसटी नोंदणी नसल्यामुळे त्याचं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची वजावटही, मिळणार नाही. सेलमध्ये तुमच्या हाती मग 320.

नोंदणीचं म्हणाल तर वस्तूंची उलाढाल 40 लाखांच्या आत आणि विक्री महाराष्ट्रातच असेल तर लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून ई-कॉमर्स पोर्टलवरूनही असं विकता येतं, फक्त जीएसटीच्या साइटवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यायचा. गंमत अशी की पोर्टलवरून तुमची प्रिंट नागपूरला खुशाल जाईल, पण बेळगावला जायची तर नोंदणी आली. हस्तकलेच्या वस्तू थेट राज्याबाहेर विकायला वेगळी सवलत आहे, तुमचं काम त्या यादीत बसतं का ते सीएकडून पक्कं करा.

परदेशी पार्सल:
एट्सी: एका वस्तूच्या नोंदीला 0.20 डॉलर, ती चार महिने चालते. विकली की 6.5 टक्के, तेही पाठवणीच्या खर्चासकट, आणि पेमेंटचे पैसे वेगळे. त्यांनी बाहेर केलेल्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आलं तर आणखी 15 टक्के कापतात. छोट्या दुकानांना ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, पहिल्या दिवशीच करा. 40 च्या मानाने स्वस्त, पण तिथल्या गर्दीत तुम्ही दिसणार कशा हा प्रश्न उरतोच.

नाव_ठेवणारा:
प्रिंट कोणी घेतली हे गॅलरी तुम्हाला कळवणार का? मसुद्यात नसेल तर घालून घ्या. 7/20, म्हणजे विसातली सातवी प्रत, कोणाकडे आहे हे तुमच्याच वहीत नको? जुना गिऱ्हाईकच पुढची प्रिंट घेतो, आणि त्याचा पत्ता त्यांच्याकडे राहिला तर दर वेळी 40 टक्के मोजत बसाल. दोन वर्षांच्या बंदीऐवजी ठरावीक ठशांच्या प्रिंट त्यांना द्या, बाकीच्या स्वतः विका. फक्त किंमत दोन्हीकडे एकच ठेवा. इन्स्टावर 1,800 आणि तिकडे 2,500 असं दिसलं की दोन्हीकडची विक्री बसली.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. मेल टाकते आहे: मंडईचे दोनच ठसे त्यांना, प्रतिमा फक्त दाखवण्यापुरती, कमिशन प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेवर, जीएसटी धरून 40, आणि खरेदीदाराचं नाव-पत्ता मला. नाही म्हणाले तर बोहरी आळीपासून स्वतः सुरुवात करेन. एक शंका राहिली. ए-3 प्रिंट नळीत गुंडाळून पाठवू की सपाट?

परदेशी पार्सल:
सपाट. गुंडाळलेला जाड कागद लवकर सरळ होत नाही आणि शाई नीट वाळली नसेल तर आतल्या आत लागते. वर बटर पेपर, मग प्लास्टिकची पिशवी, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, आणि पुठ्ठा कागदापेक्षा चारही कडांना दोन बोटं मोठा. प्रिंट पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावू नका, कोपऱ्यांना कागदी खाचा करून अडकवा. आणि हे सगळं 300 रुपयांत बसत नाही, तेवढं किमतीत आत्ताच धरा.