नाडी पाहणारे घड्याळ आणि हार्ट फेल्युअर

ए-६०३ : सर्वांना नमस्कार. चिनी नाडीपरीक्षा आणि सेन्सर यांच्या साहाय्याने मनगटावरच हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकणे) ओळखता येते, असा मजकूर काल आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. बाबांना गेल्या महिन्यापासून जिना चढताना धाप लागते आहे. असे उपकरण मागवले तर घरच्या घरी निदान होईल का? डॉक्टरकाका, कृपया मार्गदर्शन करावे.

सी-२०१ : मी अनेक वर्षे दाबमापक सेन्सरवर काम केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर त्सुन, ग्वान आणि छी या तीन जागी तीन बोटे ठेवतात आणि प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देऊन नाडी पाहतात. तिसऱ्या शतकात वांग शूहे यांनी नाडीचे २४ प्रकार लिहून ठेवले, तर १५६४ मध्ये ली शीचेन यांनी २७ वर्णिले. आपल्याकडचे वैद्यही तीन बोटांनीच वात, पित्त, कफ पाहतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. आता चीनमधील संशोधक त्या तीन जागी सेन्सर लावून दाब हळूहळू वाढवत नेतात आणि प्रत्येक ठोक्याच्या लहरीचा आकार नोंदवतात. आपल्या साध्या घड्याळात असे काही नसते. त्यातला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचे कमी-जास्त होणे टिपतो, आणि हात हलला किंवा गार पडला की ती नोंद बिघडते.

बी-१०४ (डॉक्टर) : काकांनी छान समजावले. नाडीत हृदयाची खूण उमटते, हे खरेच आहे. ठोक्यांची लय नियमित, पण एक ठोका जोरकस आणि पुढचा क्षीण, अशी आलटून-पालटून चालणारी नाडी जर्मन डॉक्टर ट्राउबे यांनी १८७२ मध्ये वर्णिली. हृदयाच्या डाव्या कप्प्याची शक्ती फार खालावल्याचे ते लक्षण मानले जाते. मीही ती बोटांखाली अनुभवली आहे, परंतु ती दिसते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय लहरीचा आकार वयाने कडक झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे आणि रक्तदाबामुळेही बदलतो. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हृदयाचे आकुंचन ठीक असते, फक्त हृदय नंतर नीट सैल पडत नाही, आणि त्यांची नाडी अगदी सामान्य लागू शकते. फुफ्फुसात तुंबणाऱ्या रक्ताचा दाब मनगटावर थेट समजत नाही. म्हणूनच २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला सेन्सर फुफ्फुसाच्या धमनीतच बसवतात. तेव्हा घड्याळ मागवण्याआधी बाबांची एन-टी-प्रो-बीएनपी ही रक्ताची तपासणी, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. रात्री आडवे पडल्यावर त्यांना दम लागतो का? पायांना सूज आहे का?

ए-३०२ : माझ्या सासूबाईंना हा आजार आहे. त्या रात्री तीन उशा घेऊन झोपू लागल्या होत्या आणि मोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ राहत असे, पण आम्ही ते वयावर ढकलले, याची आजही खंत वाटते. आता त्या रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजनकाट्यावर उभ्या राहतात आणि मी कॅलेंडरवर आकडा लिहिते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा, असे आम्हाला सांगितले आहे.

बी-१०४ (डॉक्टर) : ताई, हीच खरी देखरेख. मनगटावरच्या सेन्सरचा उपयोगही पुढे असाच होईल, असे मला वाटते : त्याच माणसाची आजची नोंद त्याच्याच मागच्या आठवड्याशी ताडून पाहण्यासाठी.

ए-६०३ : बाबांना आत्ताच विचारले. ते आठवडाभर आरामखुर्चीत बसूनच झोपत आहेत, आम्हाला वाटले पाठ दुखते.

बी-१०४ (डॉक्टर) : उद्यापर्यंत थांबू नका. त्यांना लिफ्टने खाली आणा, मी गाडी काढतो. त्यांच्या चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या.