ब्लॉगिंगच्या सामाजिक मंचावर वेळ ठरवून कसा वापरावा? सल्ला हवा आहे

पानगळ (धागाकर्ती)

मी तीन वर्षांपासून अशा एका मंचावर लिहिते जिथे स्वतःचा ब्लॉग, इतरांच्या नोंदींचा प्रवाह, पुनर्प्रकाशन आणि प्रतिसाद हे सगळे एकाच पानावर असते. मंच सोडण्याचा माझा विचार नाही, कारण चांगले वाचक आणि दोन-तीन जिव्हाळ्याची माणसे मला तिथेच भेटली. अडचण अशी की, मी तिथे कशासाठी गेले होते हे दहा मिनिटांत माझ्या लक्षातून जाते.

परवाचेच उदाहरण देते. माझ्याच एका नोंदीत ‘आशीर्वाद’ हा शब्द मी ऱ्हस्व ‘शि’ने लिहिला होता, तो दुरुस्त करण्यासाठी रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी मी मंच उघडला. समोर एका ओळखीच्या लेखिकेची नोंद आली, तिच्याखाली वाद चालला होता, त्या वादात ज्या जुन्या लेखाचा दुवा होता तो उघडला, आणि 11 वाजून 20 मिनिटांनी संगणक बंद केला तेव्हा तो शब्द जसाच्या तसा होता. दरम्यान दोन दीर्घ लेखांचे मसुदे महिनाभर अर्धवट पडून आहेत.

रोज अर्धा तास अशी मर्यादा घालून पाहिली, परंतु ती चौथ्या दिवशीच मोडली. आपण हे प्रत्यक्षात कसे जमवता, ते कृपया सविस्तर सांगावे. ‘मन खंबीर करा’ हा सल्ला घरून मिळालेला आहे.

अर्धविराम

आपल्या उदाहरणातच उत्तर दडलेले आहे असे मला वाटते. आपण लेखिका म्हणून आत गेलात आणि दारातच वाचक झालात. लिहिणे, वाचणे आणि उत्तर देणे ही तीन वेगळी कामे असताना मंचाने त्यांना एकच दार ठेवले आहे, त्यामुळे एका कामासाठी गेलेला माणूस उरलेल्या दोघांच्या हाती लागतो. मी अर्ध्या तासाचे गणित सोडून दिले आणि दारे वेगळी केली.

लेखन मंचावर करतच नाही. मसुदा संगणकावरच्या साध्या फाइलमध्ये पूर्ण करतो, शुद्धलेखन तिथेच तपासतो आणि शेवटी फक्त चिकटवतो. ब्राउझरमध्ये मुखपृष्ठाची खूण ठेवलेली नाही; ‘नवीन नोंद’ आणि ‘माझ्या नोंदी’ या दोन पानांचे थेट पत्ते साठवले आहेत, म्हणजे प्रवाह दिसतच नाही. टम्ब्लरसारख्या मंचावर नोंदी रांगेत लावण्याची सोय आहे आणि त्या दिवसाला एकपासून पन्नासपर्यंत आपोआप प्रसिद्ध होऊ शकतात. पन्नासची गरज कोणाला पडते कोण जाणे, पण रविवारी सकाळी एका बैठकीत पाच-सहा नोंदी रांगेत लावल्या की आठवडाभर ‘आज काही टाकले नाही’ ही टोचणी राहत नाही.

काठावरचा

अर्धविराम यांच्याशी सहमत आहे, पण वाचनाच्या दाराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खरी गळती तिथे आहे. छापील नियतकालिकाला शेवटचे पान असते. खाली सरकवत राहावे तसा आपोआप वाढणारा प्रवाह संपतच नाही. अशा अखंड प्रवाहाची रचना 2006 साली करणारे आझा रास्किन यांनी पुढे तिच्याविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. थांबण्याची जागाच काढून टाकली की थांबण्याचा निर्णय दर क्षणी नव्याने घ्यावा लागतो, आणि रात्री नऊनंतर तो कोणाच्याने होतो?

म्हणून मी वाचन आरएसएसवर नेले, म्हणजे निवडलेल्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी मंचाबाहेर एका यादीत आणून देणाऱ्या सोयीवर. गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाल्यावर अनेकांनी ही सवय सोडली, परंतु आरएसएस वाचण्याची इतर साधने आजही चालू आहेत, आणि टम्ब्लर, वर्डप्रेस, मीडियम या तिन्ही ठिकाणच्या ब्लॉगांचे आरएसएस मिळू शकते. तिथे मी निवडलेल्या तीस लेखकांच्या नव्या नोंदी ओळीने येतात आणि यादी संपली की संपते. प्रतिसाद मात्र तिथे दिसत नाहीत. माझ्या दृष्टीने तो लाभ आहे, आपल्या दृष्टीने कदाचित नसेल. मंचावरच वाचायचे असेल तर ‘लोकप्रिय नोंदी आधी’ ही सोय सेटिंगमधून बंद करता येते का ते पाहावे. नोंदी काळाच्या क्रमाने दिसल्या तर ‘काल इथपर्यंत वाचले होते’ ही खूण तरी सापडते.

शाईचा डाग

मी थोडा वेगळा सूर लावते. वरील दोन्ही उपाय उत्तम आहेत, पण ते सगळे एकदम केले तर मंचावर जाण्याचे कारणच उरणार नाही, कारण पानगळ यांना तिथे माणसे भेटली आहेत आणि माणसे आरएसएसमधून भेटत नाहीत. आधी आपण नेमके कधी आणि कशासाठी जातो ते पाहावे. सात दिवस शेजारी एक वही ठेवावी. मंच उघडण्याआधी त्यात वेळ आणि एका ओळीत कारण लिहावे, बंद केल्यावर काय झाले ते लिहावे. कारण सुचले नाही तर ‘कारण नाही’ असे लिहून खुशाल उघडावे, स्वतःला अडवू नये.

फोनमधल्या वेळमर्यादेवर माझा विश्वास नाही. ॲपलने 2018 साली आयओएस 12 मध्ये ही सोय दिली, पण मर्यादा संपल्याचा जो पडदा येतो त्याच पडद्यावर ती डावलण्याचे बटण असते. कुलपाला किल्ली लटकवून ठेवावी तसा तो प्रकार आहे. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘अमुक झाले तर तमुक करीन’ अशा घडणीची आधीच केलेली ठरवणी मला अधिक उपयोगी पडली. ‘कमी वेळ घालवीन’ हा संकल्प हवेत राहतो, पण ‘दुवा उघडावासा वाटला तर तो वहीत उतरवीन आणि शनिवारी वाचीन’ याला वेळ, जागा आणि कृती असते. शनिवारी त्यांतले निम्मे दुवे वाचावेसेही वाटत नाहीत, हा अनुभव मजेशीर आहे.

पानगळ

तिघांचेही आभार. एक शंका आहे. सूचनांचे काय करावे? त्या पूर्ण बंद केल्या तर कोणी मनापासून लिहिलेला प्रतिसाद नजरेतून सुटतो आणि समोरच्याला मी शिष्ट वाटते.

अर्धविराम

पसंती, पुनर्प्रकाशन आणि नवे अनुयायी यांच्या सूचना बंद कराव्यात. प्रतिसाद आणि थेट उल्लेख यांच्या चालू ठेवाव्यात. पहिल्या प्रकाराला उत्तर द्यावे लागत नाही, तरी जास्त ओढ त्याचीच असते. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अनियमितपणे मिळाले की प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांत दिसले होते. आपण आणि कबुतरे यांत या बाबतीत फार अंतर नाही. उत्तर दोन दिवसांनी दिले तर कोणी रागावत नाही. घाईने दिलेल्या दोन शब्दांपेक्षा उशिरा आलेला परिच्छेद लोकांना आवडतो.

पानगळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. वही ठेवली. पहिल्या आठवड्यात 41 वेळा मंच उघडला. त्यांपैकी 6 वेळा लिहिण्यासाठी, 11 वेळा कोणाला तरी उत्तर देण्यासाठी, आणि उरलेल्यांतील बहुतेक खेपा माझी स्वतःची नोंद प्रसिद्ध झाल्यापासून दोन तासांच्या आत होत्या. मी इतरांच्या लेखनात हरवते अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात मी माझ्या नोंदीला कोणी काय म्हटले ते पाहायला जात होते आणि तिथून वाहवत होते. हे वाचून मला थोडी लाज वाटली, हे मान्य करते.

त्यानुसार नोंदी आता पहाटे पाचला प्रसिद्ध होतील अशा रांगेत लावते, म्हणजे तो दोन तासांचा काळ झोपेतच जातो. प्रतिसादांना मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी उत्तरे देते. आरएसएसचा उपाय मी घेतला नाही. शाईचा डाग यांचे म्हणणे खरे आहे, मला प्रतिसादांसकटच वाचायचे असते. मागच्या आठवड्यात खेपा 17 वर आल्या, पण एका गुरुवारी पुन्हा दीड तास गेला, आणि वहीत त्यापुढे ‘कारण नाही’ असेच लिहिले आहे. एका मसुद्याचा शेवटचा भाग लिहून होत आला आहे.

‘आशीर्वाद’ दुरुस्त केला. चाळीस सेकंद लागले.