फोन थेट लागतो, मग राजदूत कशाला पोसायचे?

कर्वेरोडचा करदाता
मुद्दा सरळ मांडतो, मग खुशाल तुटून पडा. पत्र पोचायला महिने लागायचे तेव्हा परक्या दरबारात आपला माणूस बसवणं भाग होतं. आता दोन पंतप्रधान थेट फोनवर बोलतात. मोठे करार नेते स्वतः जाऊन करतात, व्यापाराचं वाणिज्य मंत्रालय बघतं, सीमेचं सुरक्षा सल्लागार. राजदूताच्या वाट्याला उरतं काय? प्रजासत्ताक दिनाचं चहापान, विमानतळावर पुष्पगुच्छ आणि दिल्लीला अहवाल. तोही वृत्तवाहिन्यांनी आदल्या दिवशी सांगून झालेल्या गोष्टींचा.

वर कायद्याचं कवच, म्हणजे यजमान देशाला राजदूतावर सहसा खटला चालवता येत नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या उपवाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकामाच्या बाईच्या व्हिसा आणि पगाराच्या प्रकरणात अटक झाली. झडतीची पद्धत संतापजनक होती, मान्य. पण आपण केलं काय? दिल्लीत अमेरिकी दूतावासापुढचे बॅरिकेड उचलले. त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली, वाणिज्यदूताचं अर्धवट कवच तिथे पूर्ण झालं आणि जानेवारीत त्या मायदेशी. त्या कामवाल्या बाईचं नाव इथे किती जणांना आठवतंय?

खडकीवाला
असहमत. कवच माणसासाठी नसतं, बोलणी चालू राहावीत म्हणून असतं. ते नसलं तर काय होतं, हे पुणेकराने विचारावं? बडोद्याच्या गायकवाडांचे गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांशी बोलणी करायला आले. १८१५ साली पंढरपुरात त्यांचा खून पडला. ठपका पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर. पुण्यात संगमावर बसलेल्या इंग्रजांच्या रेसिडेंटने, म्हणजे दरबारातल्या प्रतिनिधीने, एल्फिन्स्टनने ते प्रकरण असं काही लावून धरलं की १८१७ च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाचे हातपाय बांधले गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई. वाटाघाटीला आलेल्या माणसाला हात लागला की काय किंमत पडते, याचं याहून महागडं उदाहरण आपल्याकडे नाही.

शिवाय हे कवच देणारा १९६१ चा व्हिएन्ना करार एकतर्फी नाही. यजमान देशाला एखादा अधिकारी नकोसा झाला तर कारणही न सांगता घालवता येतो. आणि त्याचं कवच त्याचा स्वतःचा देश काढूनही घेऊ शकतो. खोब्रागडे प्रकरणात आपण ते काढायला हवं होतं का, यावर भांडा, मी येतो. पण त्यासाठी दूतावासाला टाळं लावायचं?

कर्वेरोडचा करदाता
एल्फिन्स्टन? तो रेसिडेंट. दरबाराची बित्तंबातमी काढायची, सरदार फोडायचे आणि वेळ आली की पलटण बोलवायची. तुमचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडलं की!

खडकीवाला
म्हणूनच पुढच्यांनी करारात लिहून ठेवलं: माहिती काढा, पण कायदेशीर मार्गाने; यजमानाच्या घरच्या कारभारात नाक खुपसू नका. सगळे पाळतात का, यावर वेगळा धागा काढा.

निशिगंध
इतिहास बाजूला ठेवते. माझे मोठे दीर सौदीत दम्मामला बांधकामावर सुपरवायझर होते, तिथेच हार्ट अटॅकने गेले. अशा वेळी काय काय लागतं हे घरावर वेळ येईपर्यंत कळत नाही. इस्पितळाचा दाखला आणि पोलिसांचा कागद, दोन्ही अरबीत. आपल्या दूतावासात मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, मृतदेह भारतात आणायला ना हरकत. वारसांचं संमतिपत्र इथून नोटरी करून पाठवायचं. त्यात मालक म्हणतो, थकलेला पगार नंतर बघू. दूतावासातले एक केरळी गृहस्थ, हुद्दा फार मोठा नसावा, रोज रात्री जाऊबाईंना फोन करून आज कुठला कागद कुठे अडलाय ते सांगायचे. हिंदी मोडकंतोडकं, पण फोन चुकला नाही. मालकाकडून थकबाकीचा आकडा लेखी त्यांनीच घेतला. यासाठी पंतप्रधानांनी कुणाला फोन लावायचा होता, करदातेदादा?

एफसीरोड
नशीबवान आहात. माझा भाचा युक्रेनमध्ये खारकीवला एमबीबीएसला होता. १५ फेब्रुवारी २०२२ ची दूतावासाची सूचना काय, तर ज्यांचं राहणं गरजेचं नाही त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. विचार! तिकिटांचे भाव आकाशाला भिडलेले, कॉलेज हजेरी सोडायला तयार नाही, पोरं थांबली. २४ ला युद्ध पेटलं. २ मार्चला एकदम कडक भाषा: ताबडतोब खारकीव सोडा, गाडी मिळाली नाही तर पायी पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिवका गाठा, संध्याकाळी सहाच्या आत. वरून गोळे, खाली बर्फ. बहिणीने देव पाण्यात घालून ठेवले होते. मी करदात्यांच्या बाजूने.

डीपी रस्ता
पहिली सूचना मिळमिळीत होती, मान्य. पण दूतावासाने 'युद्ध येतंय, पळा' असं जाहीर म्हणणं म्हणजे यजमान सरकारवर उघड अविश्वास, आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की तेव्हा स्वतःच घबराट पसरवू नका म्हणत होते. ही तारेवरची कसरत दिल्लीत बसून फोनवर होत नाही.

पुढचंही सांगा की. पोलंडने आपल्या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं. हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकियात बस, निवारा, जेवण, पासपोर्ट हरवलेल्यांना प्रवासाचे कागद. ऑपरेशन गंगात २२ हजारांहून जास्त लोक परत आले. युक्रेनच्या सुमी शहरात सुमारे ७०० मुलं अडकली होती. त्यांच्यासाठी मोदी ७ मार्चला पुतिन आणि झेलेन्स्की दोघांशी बोलले. ८ ला बस पोल्टावाकडे निघाल्या.

कर्वेरोडचा करदाता
म्हणजे फोन झाल्यावरच बस हलली. आभारी आहे.

डीपी रस्ता
फोन झाला तेव्हा हलायला बस तिथे होती. युद्ध चालू असताना बस, ड्रायव्हर आणि डिझेल कुणी जमवलं?

बिनधास्त_बावधन
काही म्हणा, नोकरी झकास. परदेशात बंगला, पोरं इंटरनॅशनल शाळेत, दारू करमुक्त. पुढच्या जन्मी मी तेच होणार. (ह. घ्या.)

डीपी रस्ता
हलकं घेतलं, तरी एक सांगतो. लग्नसराईत ज्या पुलावर आपण अर्धा तास हॉर्न वाजवत उभे असतो, तो म्हात्रे पूल रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा आहे. बर्मिंगहॅममधल्या आपल्या कार्यालयातले अधिकारी. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांना पळवून नेलं. मागणी काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटच्या सुटकेची आणि दहा लाख पौंडांची. काही दिवसांतच त्यांना गोळ्या घालून मारलं. ११ फेब्रुवारीला भटला तिहारमध्ये फाशी झाली. म्हात्रे राजदूत नव्हते, कवच होतं, उपयोग झाला नाही. नाव रोज घेतो आपण, रिक्षावाल्याला सांगण्यापुरतं.

खडकीवाला
नेत्यांच्या थेट मैत्रीवर एवढा भरवसा असेल तर चीन बघा. २०१७ चा डोकलामचा सीमेवरचा पेच ७३ दिवस चालला आणि गोळी न झाडता मिटला. बीजिंगला तेव्हा राजदूत विजय गोखले होते, आपल्या मराठी माणसाचं कौतुक म्हणून नाही, पडद्यामागे बोलणारं कुणीतरी लागतं म्हणून सांगतो. नंतर २०१८ ला वुहान, २०१९ ला मामल्लपुरम, नेत्यांच्या भेटी मोठ्या झोकात झाल्या. जून २०२० ला गलवान, २० जवान गेले. गस्तीवर तोडगा निघायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं, तेही लष्करी आणि राजनैतिक बैठकांवर बैठका झाल्यावर. त्या बैठकांचे फोटो कुणी फ्रेम करत नाही.

कर्वेरोडचा करदाता
बैठकांवर बैठका होऊन चार वर्षं लागली, हे तुम्ही त्यांच्या बाजूने सांगताय की विरोधात? आणि कतार विसरलात. आपल्या आठ माजी नौसैनिकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. १ डिसेंबरला मोदी दुबईत कतारच्या अमिरांना भेटले, महिना संपायच्या आत फाशी रद्द, फेब्रुवारीत सुटका. साधा हिशेब आहे.

निशिगंध
हिशेबातली एक ओळ गाळलीत. ३ डिसेंबरला आपले राजदूत तुरुंगात जाऊन त्या आठही जणांना भेटले होते. अपील कोर्टात चालू होतं, तिकडे कुटुंबांना धीर द्यायचा, वकिलांशी बोलायचं, ही कामं अमिरांच्या भेटीत होत नसतात.

कर्वेरोडचा करदाता
बरं. तुरुंगात जाणारी, कागद फिरवणारी माणसं हवीत, हे मी नाकारलेलंच नाही. मग तीच वाढवा. आपले आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवेतले अधिकारी हजाराच्या आसपास, त्यातलेही बरेच दिल्लीत फायलींपुढे. राजदूताच्या निवासस्थानाची झुंबरं विका आणि त्या पैशात वाणिज्य दूतावास उघडा.

खडकीवाला
वाणिज्य दूतावासालाही यजमान देशाची संमती लागते. ती झुंबराखालीच मिळते हो!

निशिगंध
झुंबराचं तुम्ही दोघं बघा. दीर गेले तेव्हा दम्मामला आपला वाणिज्य दूतावास नव्हता. सगळे कागद रियाधला जायचे, चारशे किलोमीटर. करदातेदादा, यादी करणार असाल तर ते नाव आधी घाला.